दुधाबरोबर घेतलेली गोळी आणि न उतरलेली उन्हाळी

निपाणीकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सासूबाई 62 वर्षांच्या, साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या. लघवीला जळजळ आणि सारखं जावं लागणं सुरू झालं म्हणून डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन 500 ही अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारी गोळी सकाळ-संध्याकाळ, सात दिवस लिहून दिली. गोळी उष्ण पडते म्हणून सासूबाई ती पेलाभर म्हशीच्या दुधाबरोबर घेतात. लगेच त्याच घोटावर गुडघ्यासाठीची कॅल्शियमची गोळी आणि रक्तवाढीची लाल गोळी. छातीत जळजळलं की पित्ताचं पातळ औषध. पाच दिवस झाले, उन्हाळी काही हटत नाही. शेजारचे म्हणतात, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी औषध मारलं. घरातला मुलगा म्हणतो, गोळीच बोगस. ताईंना खरं काय ते हवंय, आणि क्षारांचा आणि अँटिबायोटिकचा संबंध नेमका काय तेही.

ताई, मी आधी खानापुरात आणि आता बेळगावात मिळून 26 वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभा आहे. तुम्ही लिहिलेला घोळ मी किती वेळा पाहिला असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी जीव तळमळतो, कारण तो टाळायला एक पैसा लागत नाही. तुमच्या शेजाऱ्यांचं निम्मं बरोबर आहे. क्षार गोळीला अडवतात हे खरं. पण ते बोअरच्या पाण्यातले नव्हेत. दुधातलं कॅल्शियम, गोळीतलं कॅल्शियम, लाल गोळीतलं लोह आणि पित्ताच्या औषधातलं मॅग्नेशियम-अॅल्युमिनियम, हे चौघे एकाच वेळी पोटात गेले आणि सिप्रोफ्लॉक्सासिनला त्यांनी आतड्यातच धरून ठेवलं. गोळी बोगस असायची गरजच नाही. चांगल्या कंपनीची चांगली गोळीही अशी वाया जाते.

धरून ठेवलं म्हणजे काय ते सांगतो. आपल्या खानापूरच्या जंगलपट्टीत पावसाळ्यात ओढ्याला खेकडे पकडायला गेलेल्याला हे पटकन कळेल. खेकड्याची नांगी दोन बाजूंनी आवळते आणि मग सोडत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूवर शेजारी-शेजारी ऑक्सिजनच्या अशा दोन जागा आहेत की त्यांच्या मध्ये धातूचा कण अचूक अडकतो. रसायनशास्त्रात या पकडीला कीलेशन म्हणतात, आणि तो शब्दच मुळी खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आलाय. धातू अडकला की जे जोडकाम तयार होतं ते आतड्याच्या भिंतीतून नीट शोषलं जात नाही. रक्तात जायचं औषध शौचावाटे निघून जातं. लघवीच्या पिशवीत जंतू तसेच राहतात.

सगळेच क्षार असं करत नाहीत, आणि इथे लोकांचा गोंधळ होतो. आपण ज्याला मीठ म्हणतो त्यातलं सोडियम, आणि शहाळ्यातलं किंवा केळ्यातलं पोटॅशियम, यांच्यावर विद्युतभार एकच असतो. त्यांना ही नांगी घट्ट धरत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांच्यावर दोन. लोहावर दोन किंवा तीन. अॅल्युमिनियमवर तीन. भार जास्त तशी पकड साधारणपणे घट्ट. म्हणून जुलाबात दिलेलं ओआरएस, ज्यात मीठ, पोटॅशियम क्लोराइड, सायट्रेट आणि ग्लुकोज असतं, ते या गोळीबरोबर खुशाल चालतं. ओआरएस बंद करून बसलेले आईबाप मी पाहिलेत, "क्षार नको" असं कुणीतरी सांगितलं म्हणून. कृपा करून तसं करू नका. जुलाबात पोराचा जीव ओआरएसवरच असतो.

आता पाण्याचा हिशेब करू, कारण बोअरवर उगाच आळ आलाय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅल्शियम लिटरमागे 75 मिलिग्रॅमपर्यंत असावं असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोत नसेल तर 200 पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे अगदी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं पाणी धरलं तरी 200 मिलिलिटरच्या पेल्यात 40 मिलिग्रॅम कॅल्शियम. तेवढ्याच पेल्यात गाईचं दूध असेल तर 240 च्या आसपास, म्हशीचं असेल तर त्याहून बरंच जास्त. आणि कॅल्शियमची एक गोळी म्हणजे बहुधा 500. अथणीकडचे लोक मला विचारतात, आमचं पाणी खारट, आरओ बसवू का गोळीसाठी? गोळीसाठी नको. साध्या पाण्याने गोळी घ्या, पेलाभर घ्या, बास.

दूध एकटं असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिनचं शोषण साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटतं, दह्यानेही तेवढंच. हे वाईट आहे, पण पूर्ण नुकसान नाही. खरा घात पित्ताच्या औषधाने होतो. मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असलेलं जेल किंवा चघळायची गोळी वर घेतली तर शोषण 80-90 टक्क्यांपर्यंत बुडू शकतं. म्हणजे 500 ची गोळी घेतली आणि रक्ताला कशीबशी 50-100 चीच किंमत मिळाली. लोहाच्या गोळीने निम्म्याहून जास्त नुकसान होतं. पोटातल्या जखमेवर देतात ते सुक्राल्फेट, तेही अॅल्युमिनियमचंच संयुग आहे. त्याच्या बाटलीवर क्षार असा शब्द कुठे दिसत नाही, म्हणून ते नजरेतून सुटतं.

यात मला सर्वात जास्त अचंबा वाटतो तो असा, की ज्या नांगीने ही औषधं खनिजाला धरतात तीच नांगी त्यांना जंतू मारायलाही लागते. सिप्रोफ्लॉक्सासिन जंतूच्या आत ज्या एन्झाइमला अडकतं, तिथे ते मॅग्नेशियमच्या कणाचा पूल करूनच बसतं. टेट्रासायक्लीन हे दुसरं जुनं अँटिबायोटिक, तेही जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या त्याच्या कारखान्यावर, मॅग्नेशियमला धरूनच चिकटतं. त्यामुळे कंपन्यांनी ही नांगी काढून टाकावी आणि दुधाबरोबर चालणारी गोळी बनवावी, असं सांगून चालत नाही. नांगी काढली तर औषधच उरत नाही. वेळ पाळणं एवढंच आपल्या हातात आहे.

टेट्रासायक्लीनच्या घराण्यात हा धडा फार आधी मिळाला होता. त्यातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, 1948 मध्ये जगापुढे आलं ते अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून, जिथल्या संशोधनाची धुरा आपल्या आंध्रातल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. पुढच्या दशकात काही टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूलमध्ये भर म्हणून डायकॅल्शियम फॉस्फेट घालत. मग लक्षात आलं की या भरीमुळेच औषध रक्तात कमी पोचतंय. म्हणजे औषध आणि त्याचा अडसर एकाच कॅप्सूलमध्ये! लोहाची गोष्ट फिनलंडच्या संशोधकांनी 1970 मध्ये माणसांवर मोजून दाखवली. आणि आठ वर्षांखालच्या मुलांना टेट्रासायक्लीन देत नाहीत तेही याच कारणाने. वाढत्या दातातल्या कॅल्शियमला ते धरतं आणि दात कायमचे पिवळट-करडे होतात. जुन्या पिढीत असे दात असलेले लोक अजून भेटतात.

आज या घराण्यातलं जे जास्त चालतं ते डॉक्सिसायक्लीन. उंदीरताप, झाडीतल्या किड्यांमुळे येणारा स्क्रब टायफस, चेहऱ्यावरची पुटकुळ्यांची ट्रीटमेंट, यांत ते लागतं. भातलावणीनंतर ताप घेऊन आलेल्या खानापूरच्या शेतकऱ्याच्या चिठ्ठीवर ते बऱ्याचदा असतं. दुधाने याचं नुकसान जुन्या टेट्रासायक्लीनपेक्षा खूपच कमी होतं, म्हणून पोटात मळमळलं तर डॉक्टर कधी थोड्या दुधालाही हरकत घेत नाहीत. लोहाचं मात्र तसं नाही. डॉक्सिसायक्लीन रक्तात गेल्यावरही पित्तातून पुन्हा आतड्यात उतरतं आणि परत शोषलं जातं. आतड्यात लोह बसलेलं असेल तर ते या परतीच्या वाटेवरच त्याला पकडतं. म्हणून सकाळी औषध आणि रात्री लोह असं अंतर ठेवूनही पूर्ण सुटका होत नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारून तेवढे सात दिवस रक्तवाढीची गोळी थांबवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. रक्त सात दिवसांत घटत नाही. आणि ही कॅप्सूल पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची. घेतली आणि आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. दुकानात नवा होतो. घाटाकडच्या गावातला विशीचा पोरगा टायफॉइडसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यायला आला. बरोबर आई. "अशक्त झालाय, ताकदीचं काहीतरी द्या" म्हणाली. मी लोह-जस्त असलेलं टॉनिक दिलं आणि वर सांगितलं, गोळीबरोबरच द्या म्हणजे विसरणार नाही. पाचव्या दिवशी ताप तसाच. डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या मागवून घेतल्या, टॉनिक बाजूला काढलं आणि मला निरोप धाडला. तीन दिवसांत ताप उतरला. टायफॉइडचा ताप औषध लागू पडलं तरी चार-पाच दिवस घेतोच, त्यामुळे तो टॉनिक बंद केल्यामुळेच उतरला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या माउलीला मी चुकीचं सांगितलं, हे नक्की. तेव्हापासून अँटिबायोटिक देताना मी आधी विचारतो, घरात आणखी काय चालू आहे?

हा प्रश्न आपल्या भागात जास्त विचारावा लागतो, कारण चिठ्ठी एका भाषेत आणि घर दुसऱ्या भाषेत असतं. सरकारी दवाखान्याच्या कागदावर कन्नडमध्ये "ऊटद नंतर" लिहिलेलं असतं. त्यातलं "नंतर" आपल्याला कळतं आणि आपण समजतो सगळं कळलं. जेवणानंतर म्हणजे जेवण झाल्यावरच्या पेलाभर दुधाबरोबर, असा अर्थ घरी लावला जातो. आमच्या काउंटरवर मी मराठी माणसाला "दुधाबरोबर नको" आणि कन्नड माणसाला "हालिन जोते बेड" असं तोंडाने सांगतो आणि पाकिटावर पेला काढून त्यावर फुली मारतो. फुली सगळ्यांना वाचता येते.

तुमच्या सासूबाईंचं वेळापत्रक असं बसवता येईल. सिप्रोफ्लॉक्सासिनचा नियम आहे: खनिजं घेण्याच्या दोन तास आधी गोळी, किंवा खनिजं घेतल्यावर सहा तासांनी. गोळी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा ठेवा, साध्या पाण्याबरोबर. मग रक्तवाढीची गोळी सकाळी अकराच्या सुमाराला लिंबूपाण्याबरोबर, कारण आंबटाने लोह चांगलं लागू पडतं. कॅल्शियम रात्री नऊला जेवणानंतर. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्याही आड येतात, म्हणून ते दोन्ही एकत्र द्यायचेच नाहीत. दूध प्यायचं तर रात्री नऊला प्या. दुपारच्या जेवणात ताकभात असेल तर चालेल. जेवणात मिसळलेलं थोडं दही-ताक आणि रिकाम्या पोटी गोळीबरोबर पेलाभर दूध, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चहातल्या चार थेंबांची काळजी नको, पण गोळी चहाने गिळू नका. नाचणीची आंबील मात्र गोळीच्या वेळेला टाळा. नाचणीत 100 ग्रॅममागे 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत ती वरच्या रांगेत आहे. कुंद्याचंही तेच, तो आटवलेलं दूधच आहे. आणि आपल्याकडे गुडघ्याला गुण येतो म्हणून गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात घालून खायची पद्धत आहे. तोही कॅल्शियमच. हे सात दिवस राहू दे.

पित्ताच्या जेलऐवजी धातू नसलेली दुसरी गोळी डॉक्टर लिहून देऊ शकतात. ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोलमुळे या नांगीचा प्रश्न येत नाही. जळजळीसाठी लघवीची आम्लता मारून ती क्षारीय करणारं सिरप मिळतं, ते बरेच जण मनाने घेतात. त्यात सोडियमचं सायट्रेट असतं, त्यामुळे आतड्यात अडवणूक होत नाही. पण लघवी क्षारीय झाली की सिप्रोफ्लॉक्सासिनचे खडे धरण्याचा धोका वाढतो. तेव्हा ते मनाने नको, आणि पाणी दिवसभर भरपूर प्यायचं.

दोन गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत, पण सासूबाईंच्या वयाकडे आणि साखरेकडे पाहून सांगतो. या गोळीने साखरेच्या रुग्णाची साखर एकदम खाली येऊ शकते, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर. आणि हे लक्षात घ्या, आतापर्यंत दुधात आणि जेलमध्ये अडकणारं औषध आता पुरतं रक्तात जाणार आहे. घाम, थरथर, गुंगी दिसली तर लगेच साखर तपासा. साठीच्या पुढे या औषधाने टाचेमागची शीर दुखावण्याचाही धोका असतो. ती दुखली तर चालणं कमी करा आणि डॉक्टरांना फोन करा.

बाकीची अँटिबायोटिक्स पटकन सांगतो. अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल, कोट्रायमॉक्साझोल यांना दुधाची फारशी अडचण नाही. अॅझिथ्रोमायसिन पित्ताच्या औषधाबरोबर घेतलं तर रक्तात हळू चढतं, पण एकूण बहुतेक तेवढंच जातं. सेफडिनिर आणि लोह हे मात्र वाईट जोडपं आहे. ते एकत्र घेतलं तर औषधाचा मोठा भाग वाया जातो, शिवाय मुलाची शी लालसर होते आणि आई रक्त समजून घाबरते. लघवीच्या संसर्गात देतात ते नायट्रोफ्युरँटॉइन मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेल्या पित्ताच्या औषधाने अडतं. रक्ताची हगवण लागलेल्या मुलाला सिप्रोफ्लॉक्सासिन आणि जस्ताची गोळी दोन्ही दिलेली असतात. दोन्ही गरजेच्या आहेत, जस्त चौदा दिवस पुरं करायचंच, फक्त दोघांत वर सांगितलेलं अंतर ठेवा.

औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण माझ्या मनात विशेष आहेत. त्यांना लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन महिनोन्महिने घ्यायचं असतं. घरचे प्रेमाने टॉनिक आणतात, औषधांनी पित्त उसळलं की जेल देतात. मॉक्सिफ्लॉक्सासिनला अशा खनिजांपासून चार तास आधी किंवा आठ तास नंतर एवढं अंतर लागतं. रोज थोडं थोडं औषध कमी पडत राहिलं तर जंतू मरत नाहीत, उलट सरावतात. अशा रुग्णाचं दूध, अंडी, डाळ बंद करू नका, त्याला ताकद हवीच आहे. टॉनिक आणि जेलची वेळ मात्र टीबी केंद्रातल्या ताईंना विचारून ठरवा.

सलाइनमधल्या औषधांची गोष्ट निराळी. तिथे आतडं मध्ये नसतं, पण नळीत दोन औषधं भेटू शकतात. सेफ्ट्रायाक्सोन हे इंजेक्शनचं अँटिबायोटिक आणि कॅल्शियम एकत्र आलं तर पांढरा साका धरतो. नवजात बाळांच्या बाबतीत यातून मृत्यू झाल्याची नोंद आहे. घरी इंजेक्शन द्यायला येणाऱ्या सिस्टर असतील तर रिंगर लॅक्टेटच्या बाटलीत कॅल्शियम असतं एवढं त्यांनी ध्यानात ठेवावं. आणि क्षार नेहमी शत्रूच असतात असंही नाही. डॅप्टोमायसिन नावाचं मोठ्या रुग्णालयातलं औषध आहे, ते कॅल्शियम हजर असल्याशिवाय जंतूवर चालतच नाही.

आता तुमच्या मुख्य काळजीकडे. पाच दिवसांत गुण नाही याचं कारण दूध आणि जेल असेल, असं मला तुमचं वर्णन वाचून वाटतं. पण लघवीच्या संसर्गातले पुष्कळ जंतू आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाहीत, हेही तितकंच शक्य आहे. हे घरी बसून ओळखता येत नाही. म्हणून गोळी मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका, आणि वेळा बदलून आणखी सात दिवस वाट बघत बसू नका. उद्याच डॉक्टरांकडे जा, सगळी पाकिटं आणि बाटल्या पिशवीत घालून न्या, आणि गोळी कशाबरोबर घेतली ते जसंच्या तसं सांगा. ते सांगितलं नाही तर डॉक्टर औषध निकामी ठरलं असं समजून त्याहून भारी औषधावर जातील, आणि तेही दुधात बुडू शकेल.

ते युरिन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू उगवून पाहायची तपासणी, सांगतील. सध्या अँटिबायोटिक चालू आहे हे लॅबच्या कागदावर लिहून घ्या, कारण अर्धवट औषधाने जंतू उगवत नाहीत आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ येऊ शकतो. नमुना सकाळचा, जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली, लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत. डबी तासा-दोन तासांत पोचवा. गावाहून बेळगावला आणायला वेळ लागणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवून बर्फाच्या डब्यातून आणा. आणि थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या किंवा बोलण्यात असंबद्धता, यांतलं काहीही दिसलं तर रात्रीचे बारा वाजलेले असले तरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.